फ्रेमच्या आतून ब्रेक होज ओवणे: क्रम, अवजारं आणि हमखास अडणाऱ्या जागा

चिमटापाना

सायकलच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची होज (लिव्हरपासून चाकाजवळच्या ब्रेकपर्यंतची तेलाची नळी) फ्रेमच्या आतून जाणार असेल, तर जुळणीची सुरुवात तिथूनच करायची. बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्याची बेअरिंग), हेडसेट (हँडल वळतं ती बेअरिंग), फोर्क, सीटपोस्ट सगळं नंतर. फ्रेम रिकामी असते तेव्हा हेडट्यूब (हँडलखालची पुढची नळी), बीबी शेल (बीबी बसतो ती आडवी नळी) आणि सीटट्यूब ही तीन मोठी तोंडं उघडी असतात. टॉर्च मारून आत बघता येतं, बोट घालता येतं, वाकवलेला आरा आत सोडता येतो. एकदा बीबी ठोकला की सगळ्यात अवघड जागा झाकली जाते आणि मग फक्त नशिबावर हवाला.

होज हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी पक्क्या करा.

एक, फ्रेममध्ये मार्गनळी आहे का? काही कार्बन फ्रेममध्ये साच्यातच पातळ नळी बसवलेली असते. एका भोकातून ढकललेली होज थेट दुसऱ्या भोकातून बाहेर येते, पाच मिनिटांचं काम. बऱ्याच फ्रेममध्ये ही नळी फक्त चेनस्टेमध्ये (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीत) असते आणि डाउनट्यूब (हेडट्यूबपासून बीबीकडे उतरणारी नळी) पोकळ असते. गिअरची जुनी केबल आत सारून बघा, लगेच कळतं.

दोन, कोणता लिव्हर कोणत्या ब्रेकला? उजवा लिव्हर पुढच्या चाकाला की मागच्या, हे देशागणिक आणि माणसागणिक वेगळं असतं. डाउनट्यूबला दोन्ही बाजूंना भोकं असतील तर मागची होज लिव्हरच्या विरुद्ध बाजूच्या भोकात घाला. हेडट्यूबपुढे तिला मोठं, सैल वळण मिळतं आणि हँडल वळवताना ती ओढली जात नाही. त्याच बाजूच्या भोकात घातली तर वळण आवळतं आणि ग्रोमेट (भोकात बसवलेलं रबरी कडं) उखडतं.

तीन, होजचं कोणतं टोक कुठून घालायचं? कॅलिपरच्या (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाच्या) बाजूला बँजो (होजच्या टोकाचा धातूचा गोल जोड) असेल तर तो फ्रेमच्या भोकातून जाणार नाही. मग होज चेनस्टेच्या मागच्या भोकातून घालून पुढे हेडट्यूबकडे आणायची आणि कापाकापी लिव्हरच्या टोकाला करायची. दोन्ही टोकं कोरी असतील तर दिशा तुमच्या सोयीची. एका टोकाला कंपनीने बसवलेलं ऑलिव्ह (जोडात दबून होज पकडणारं कडं) आणि इन्सर्ट (होजच्या तोंडात बसणारी छोटी नळी) असेल तर ते टोक झाकून ठेवा आणि दुसऱ्या टोकाने ओवा.

होजचा बाहेरचा व्यास ५ मिमी असतो. शिमानोच्या आधीच तेल भरलेल्या संचात पुढची होज साधारण १००० मिमी आणि मागची १७०० मिमी येते. मोठ्या फ्रेमला रुंद हँडल लावणार असाल तर आधी दोरी टाकून मार्ग मोजा. चेनस्टेच्या भोकापासून बीबी, डाउनट्यूब, वळण आणि लिव्हरपर्यंत दोरी धरा आणि त्यात १०० मिमी मिळवा. १७०० कमी पडतेय हे होज आत गेल्यावर कळलं तर सगळं काम पुन्हा.

---

आरेवाला

चांगला धागा. मी होज ओढण्याच्या पद्धतींवर लिहितो.

मूळ नियम एकच: आधी वाटाड्या तार, मग होज. नुसती होज पोकळीत ढकलून दुसरं भोक शोधत बसू नका. होज गुंडाळीतून निघालेली असल्याने तिला स्वतःचा बाक असतो. ती भिंतीला घासत जाते आणि भोकाच्या दोन बोटं पुढे निघून जाते. शिवाय कोऱ्या टोकात आतला कचरा शिरतो. कार्बन फ्रेममध्ये रेझिनचे कण आणि सुटलेले धागे असतात, स्टील फ्रेममध्ये झाळकामाची पूड.

तार ओवायचे तीन मार्ग आहेत.

गिअरची आतली केबल: टोकाचा सेंटिमीटरभर भाग किंचित वाकवायचा, म्हणजे बाहेरून केबल पिळली की टोक आत फिरतं आणि भोक सापडतं. उलट दिशेने गेलात तर काम बरंच सोपं होतं. लहान भोकातून आत शिरा आणि मोठ्या तोंडातून बाहेर या. चेनस्टेच्या भोकातून बीबी शेलमध्ये, तिथून दुसरी केबल डाउनट्यूबच्या भोकातून शेलमध्ये, आणि दोन्हींची गाठ शेलमध्ये घालायची.

चुंबक: पार्क टूलच्या आयआर मालिकेच्या संचात टोकाला चुंबक असलेल्या तारा आणि बाहेरून फिरवायचा मोठा चुंबक येतो. त्यातल्या एका तारेला आटे असलेलं टोक असतं. ते होजच्या आतल्या भोकात पिळून बसतं. कार्बन आणि ॲल्युमिनियममध्ये हे उत्तम चालतं. स्टीलच्या फ्रेममध्ये चालत नाही, कारण आतला चुंबक पहिल्याच जागी नळीच्या भिंतीला चिकटून बसतो. तिथे केबल किंवा दोरा वापरा.

व्हॅक्यूम क्लीनर आणि दोरा: सुती दोऱ्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा बांधा. जिथून दोरा बाहेर हवाय ते भोक आणि जिथून आत सोडायचाय ते भोक सोडून बाकी सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करा. बाटली पिंजऱ्याच्या बोल्टची भोकंसुद्धा. तीच सुटतात आणि ओढ कमी पडते. मग दोरा बाहेर हवाय त्या भोकाला क्लीनरचं तोंड लावा. दोरा ओवला की त्याने केबल ओढा आणि केबलने होज. दोऱ्याने थेट होज ओढायची नाही, दोरा भोकाच्या कडेवर कापला जातो.

आटेवालं टोक होजमध्ये पिळलं की आतलं अस्तर ताणलं जातं. म्हणून होज बाहेर आल्यावर ते शेवटचे १५ मिमी कापून टाकायचे. त्याच टोकात इन्सर्ट बसवलं तर पकड येत नाही आणि काही दिवसांनी तिथून तेल पाझरतं.

होज अडतेय असं वाटलं तर होजला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं लावा. सरकायला मदत होते आणि नंतर उडून जातं. ग्रीस किंवा तेल नको. ते आत राहतं, होजवर आवाज थांबवायला घातलेला फोम फुगवतं आणि ओघळत ओघळत रोटरपर्यंत (ब्रेकच्या चकतीपर्यंत) पोहोचू शकतं.

---

नवी_जुळणी

दोघांचेही आभार. माझ्या फ्रेममध्ये डाउनट्यूब पोकळ आहे आणि चेनस्टेमध्ये मार्गनळी आहे. केबल बीबी शेलपर्यंत येते, पण होज शेलमधून चेनस्टेच्या तोंडात शिरताना अडते. जोर लावला तर दुमडेल अशी भीती वाटते. होज शेलच्या वरून जायला हवी की खालून?

---

चिमटापाना

@नवी_जुळणी, जोर लावू नका. होज एकदा मुडपली की आतलं अस्तर चपटं होतं. बाहेरून सरळ केली तरी ती खूण राहते आणि तिथे दाब अडतो. मुडपलेली होज टाकूनच द्यायची.

बहुतेक वेळा अडतं ते मार्गनळीच्या कडेवर. होजचं टोक काटकोनात कापलेलं असतं आणि त्याची धार नळीच्या काठावर बसते. यावर दोन उपाय. होजचं टोक धारदार पात्याने पेन्सिलसारखं थोडं निमुळतं करा, कारण हा भाग नंतर कापूनच टाकायचा आहे. आणि ढकलणं व ओढणं एकाच वेळी करा. एक हात शेलमध्ये होज सरळ धरून, दुसरा हात मागे तार ओढत. यासाठी दोन माणसं असली तर बरं. शेलमधलं बोट होजला नळीच्या अक्षात धरून ठेवतं, नुसत्या ओढण्याने ते होत नाही.

वरून की खालून, हे डाउनट्यूब आणि चेनस्टेची तोंडं शेलमध्ये कुठे उघडतात त्यावर ठरतं. तोंडं खाली असतील तर शेलच्या तळाला टेकून न्या. महत्त्वाचं हे की क्रँकच्या दांड्याला होज लागता कामा नये. २४ मिमीचा दांडा आणि आट्यांचा बीबी असेल तर बीबीच्या दोन कपांच्या (बेअरिंगच्या वाट्यांच्या) मधली प्लॅस्टिकची नळी बसवाच. ती फिरत्या दांड्याला होजपासून वेगळं ठेवते. वजन वाचवायला लोक ती काढतात आणि मग दांडा होजवर घासत राहतो. आवाज फारसा येत नाही, कळतं ते तेल गळायला लागल्यावर.

प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसणारा) बीबी ठोकताना होज कपाच्या वाटेत आली तर चिमटते. म्हणून ठोकण्याआधी होज मागून हलकी ओढून ताठ करा, शेलमध्ये टॉर्च मारून ती भिंतीला चिकटली आहे हे बघा, कप बसवा आणि मग होज पुढे-मागे सरकवून बघा. सरकली तर ठीक. अडली तर कप लगेच काढा.

---

लोखंडी_फ्रेम

स्टील फ्रेम बनवून घेणाऱ्यांसाठी थोडं. आतून होज हवी असेल तर ते नळ्या कापायच्या आधी सांगा. तयार फ्रेमला नंतर भोक पाडणं ही वाईट कल्पना आहे. बटेड नळीची भिंत मध्यभागी सगळ्यात पातळ असते आणि नेमकं तिथेच लोकांना भोक सोयीचं वाटतं. कार्बनमध्ये तर भोक पाडायचा विचारही करू नका.

भोकाचा आकार कोनावर ठरतो. ५ मिमीची होज ३० अंशांच्या कोनात आत शिरत असेल तर भोकाची लांबी किमान १० मिमी लागते, २० अंशांना जवळजवळ १५ मिमी. कोन जितका निमुळता तितकी होज सहज सरकते, पण भोक लांबतं आणि नळी कमजोर होते. म्हणून भोकाभोवती मजबुतीची पट्टी झाळून घ्यावी आणि भोक नळीच्या बाजूला घ्यावं. डाउनट्यूबच्या वरच्या-खालच्या रेषेवर ताण जास्त असतो.

आतून मार्गनळी झाळायची असेल तर तिचा आतला व्यास होजपेक्षा निदान अर्धा-पाऊण मिमी जास्त ठेवा. पाव इंची नळीची भिंत अर्धा मिमी असेल तर आत ५.३५ मिमी उरतात. सरळ मार्गावर होज जाते, पण वाकवलेल्या नळीत घट्ट होते आणि झाळताना तोंडाशी एक थेंब आत गेला तर अडतेच. रंग लावण्याआधी होजचा तुकडा टोकापासून टोकापर्यंत सरकवून बघा. रंगानंतर पुन्हा. रंगाचा थर भोकाच्या काठावर जाड बसतो आणि तिथेच ग्रोमेट बसत नाही. गोल कानस हलक्या हाताने फिरवा आणि उघड्या पडलेल्या धातूला गंज धरू नये म्हणून रंगाचं बोट लावा.

---

वळणवाट

हेडसेटमधून जाणाऱ्या होजबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. एफएसएचं एसीआर, डेडाचं डीसीआर आणि त्यांच्यासारख्या रचनांमध्ये होज स्टेमखालून (हँडल धरणाऱ्या तुकड्याखालून), वरच्या बेअरिंगच्या आतून, स्टीअररच्या (फोर्कच्या हेडट्यूबमधून वर येणाऱ्या दांड्याच्या) शेजारून हेडट्यूबमध्ये उतरते. त्यासाठी वरचं बेअरिंगसुद्धा दीड इंची घेतात. त्याचा आतला व्यास साधारण ४० मिमी आणि स्टीअरर २८.६ मिमी. स्टीअरर मधोमध असेल तर एका बाजूला ५.७ मिमी जागा उरते आणि होज ५ मिमीची. एवढ्यात दाबकडंही (बेअरिंग आणि स्टीअररमध्ये घट्ट बसणारं कडं) बसवायचं असतं, म्हणून त्या कड्याला होजसाठी खाचा असतात. होज खाचेतच बसली पाहिजे. कड्याच्या दाताखाली आली तर हेडसेट आवळताना होजवर वळ उठतो आणि हँडल एका बाजूला जड लागतं. हेडसेट जास्त आवळला गेलाय असं वाटून लोक तो सैल करतात. तसं केलं तर फोर्क खडखडतो आणि होज तशीच दबलेली राहते.

क्रम असा ठेवा. पुढची होज आधी फोर्कमधून ओवायची. काही फोर्कमध्ये स्टीअररच्या पुढच्या बाजूला, खालच्या बेअरिंगच्या वर भोक असतं. होज तिथून आत शिरून डाव्या पायात उतरते. खालचं बेअरिंग फोर्कवर चढवा. मागची होज डाउनट्यूबमधून हेडट्यूबच्या वरच्या तोंडातून बाहेर काढून ठेवा. मग पुढची होज वर धरून फोर्क हेडट्यूबमध्ये सरकवा. या वेळी मागची होज स्टीअरर आणि भिंतीच्या मध्ये अडकत नाही ना, ते वरून बघत राहा. त्यानंतर स्टीअरर आणि दोन्ही होज एकत्र धरून वरचं बेअरिंग, दाबकडं, झाकण, स्पेसर, स्टेमखालचं आवरण, याच क्रमाने. यातला एक तुकडा जरी टेबलावर राहिला तरी होज लिव्हरपासून पुन्हा सोडवावी लागते, नवं ऑलिव्ह, नवं इन्सर्ट, पुन्हा ब्लीड (तेल भरून हवा काढणं). म्हणून सगळे तुकडे आधी टेबलावर क्रमाने मांडून मगच सुरुवात करा.

स्पेसर दुभंगणारे, म्हणजे दोन अर्धुकांचे असतील तर घ्या. नंतर हँडलची उंची बदलताना होज न सोडवता काढता-घालता येतात.

वरचं बेअरिंग बदलायचं म्हटलं की दोन्ही ब्रेक उघडावे लागतात. त्यामुळे या एका जागी स्वस्त बेअरिंग बसवू नका आणि ग्रीस सढळ हाताने लावा. घाम थेट तिथेच टपकतो.

एकसंध हँडल-स्टेम असेल तर होज हँडलच्या आतूनही जाते. तिथे आधी केबल ओवायची, स्टेमच्या पोटाकडून लिव्हरच्या भोकाकडे. होज हँडलच्या वाकणात अडते ती तिच्या स्वतःच्या बाकामुळे. होज अर्धा फेरा पिळून बाक वाकणाच्या दिशेला आणला की ती निघते. कार्बन हँडलच्या भोकांच्या कडा आतून खरखरीत असतात. बोट फिरवून बघा आणि गरज असेल तर बारीक सँडपेपर मारा, पूड पुसून घ्या.

---

आरेवाला

@वळणवाट, क्रम अगदी बरोबर. एक भर: कार्बन स्टीअररवर होज घासते का ते दर काही महिन्यांनी बघायला हवं. होज मऊ दिसते, पण तिच्यावर धूळ बसली की ती सँडपेपरसारखी काम करते. स्टीअररवर चकाकणारा पट्टा दिसला तर होजवर पातळ लायनर चढवा. स्टीअररवर धाग्यापर्यंत पोहोचलेली खाच दिसली तर फोर्क वापरायचा नाही.

आता लांबीबद्दल. हेडसेटमधून जाणाऱ्या होजला ढील ठेवू नये असं माझं मत आहे. जास्तीची होज हेडट्यूबमध्ये गोळा होते, स्टीअररला घासते आणि खडखडते.

---

वळणवाट

ढील कुठे ठेवली यावर ते आहे. हेडट्यूबमध्ये ठेवली तर तुमचं म्हणणं खरं. डाउनट्यूबमध्ये ढकलून दिली तर ती तिथे भिंतीला टेकून शांत बसते.

ढील लागतेच, आणि का ते सांगतो. एकसंध हँडलमध्ये होज लिव्हरच्या भोकातून बाहेर काढून, लिव्हर हँडलपासून थोडा दूर धरूनच नट आवळता येतो. त्यासाठी निदान ५० मिमी जास्तीची होज लागते. नंतर लिव्हर जागेवर नेताना हे ५० मिमी मागे फ्रेममध्ये सरकायला हवेत. याशिवाय प्रत्येक वेळी जोड उघडला की १० ते १५ मिमी कापले जातात. नेमक्या मापाने कापलेली होज बेअरिंग पहिल्यांदा बदलतानाच अपुरी पडते आणि मग १७०० मिमीची नवी होज.

---

आरेवाला

डाउनट्यूबमध्ये ढील, हे मान्य. पण पुढच्या होजला डाउनट्यूब नाही. तिची ढील फोर्कच्या पायात जाईल का?

---

वळणवाट

पायात जागा नसते. पुढच्या होजसाठी २० ते ३० मिमी पुरे, ते हँडलखालच्या वळणात सामावतात. आणि पुढची होज बदलणं मागच्याच्या मानाने सोपं आहे. मागच्या होजला मात्र ५० च्या खाली जाऊ नका.

मोजमाप करताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. फुल सस्पेन्शन सायकल असेल तर शॉकमधली हवा सोडून मागचं चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघा. होज सांध्यापाशी ओढली जाते की चिमटते ते तेव्हाच दिसतं.

---

तेलकट_बोटं

ओवणं झालं, आता कापणं आणि जोडणं. इथे घाई केली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

होजला तीन थर असतात: आत गुळगुळीत अस्तर, मध्ये अरामिड धाग्यांची वीण, बाहेर आवरण. पक्कड किंवा कटरने कापली तर अस्तर चपटं होतं आणि वीण पिंजारते. होज कापायचं खास पातं वापरा. शिमानोचं टीएल-बीएच६२ कापायचं आणि इन्सर्ट दाबायचं दोन्ही कामं करतं. ते नसेल तर धारदार पातं, होज खाचेच्या ठोकळ्यात घट्ट धरून, एकाच दाबात, अक्षाला काटकोनात. कापलेल्या तोंडाकडे भिंगातून बघा. भोक गोल हवं, वीण बाहेर डोकावता कामा नये. तिरका काप असेल तर इन्सर्टची टोपी एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. गळती तिथूनच होते.

मग होजवर या क्रमाने चढवा: रबराची टोपी, नट, ऑलिव्ह. शेवटी इन्सर्ट आत ठोका. आधी इन्सर्ट ठोकलं तर नट मागाहून चढत नाही. शिमानोचे दोन इन्सर्ट एकमेकांत मिसळू नका. बीएच९० होजला चंदेरी, ११.२ मिमी. बीएच५९ ला सोनेरी, १३.२ मिमी. होजवर नाव छापलेलं असतं, ते वाचा. होज ठोकळ्यांत धरून शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळा, तोंड थोडंसं वर ठेवा आणि हलक्या हातोडीने इन्सर्टची टोपी होजच्या तोंडाला टेकेपर्यंत ठोका. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये इन्सर्टला आटे असतात, ते टी८ टॉर्क्सने पिळून बसवायचं. अर्धवट पिळलं तर ऑलिव्ह त्याच्या पुढे सरकतं.

ऑलिव्ह आणि नटच्या आट्यांना किंचित ग्रीस. होज लिव्हरमध्ये सरळ आत दाबून धरा आणि हाताने नट लागेल तितका लावा. पाना नंतर. नट ८ मिमी, शिमानोला ५ ते ७ न्यूटन-मीटर. आवळताना एका हाताने होज आत ढकलत राहायचं. सोडली तर ऑलिव्ह चावायच्या आधी होज मिलिमीटरभर मागे येते. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि लिव्हर जोरात दाबला की गळतं. आवळून झाल्यावर होज बाहेर ओढून बघा, तसूभरही हलायला नको.

एकदा दाबलेलं ऑलिव्ह पुन्हा वापरायचं नाही.

तेलाचं भान ठेवा. शिमानोला खनिज तेल. स्रॅमच्या रोड ब्रेकना आणि बऱ्याच माउंटन ब्रेकना डॉट ५.१ ब्रेक फ्लुइड, पण त्यांचे काही नवे माउंटन ब्रेक खनिज तेलावर आहेत, म्हणून लिव्हरवर लिहिलेलं वाचूनच भरा. एकाच्या रबरी सीलला दुसरं चालत नाही, ते फुगतात आणि पिस्टन अडकतो. डॉट रंगही उतरवतं. फ्रेमवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवून पुसा. भोकातून आत ओघळलं असेल तर सीटट्यूब आणि बीबीच्या बाजूने बघा, डबक्यासारखं साचलेलं असतं.

---

नवी_जुळणी

होज गेली! टोक निमुळतं केलं आणि शेलमध्ये बोटाने सरळ धरलं, लगेच शिरली. तुम्हा सगळ्यांचे आभार.

आता दोन प्रश्न. डाउनट्यूबमध्ये होज टकटक वाजते. आणि मागचा लिव्हर दोनदा ब्लीड करूनही मऊच आहे, पुढचा मात्र कडक आहे.

---

आरेवाला

टकटकीला फोमचं आवरण. बंद छिद्रांचा फोम घ्या, उघड्या छिद्रांचा पाणी शोषतो आणि फ्रेममध्ये ओल धरून ठेवतो. आतला व्यास ५ मिमी असावा, म्हणजे होजवर घट्ट बसतो. होज आत असतानाच फोम हेडट्यूबच्या बाजूने तिच्यावरून खाली सरकवा. फोमचं वरचं टोक होजला चिकटपट्टीच्या एका वेढ्याने बांधा, नाहीतर होज सरकवताना तो गोळा होऊन अडतो. दोन्ही टोकांना पाच-सहा सेंटिमीटर मोकळे सोडा. फोम क्रँकच्या दांड्याजवळ किंवा हेडसेटच्या बेअरिंगमध्ये जाता कामा नये.

फोम घालायला भोक अपुरं असेल तर होजवर प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्या दर १५० मिमीला लावा आणि त्यांच्या शेपट्या न कापता वेगवेगळ्या दिशांना ठेवा. शेपट्या भिंतीला टेकतात आणि होज मध्ये लटकते. हे मोठ्या तोंडाच्या डाउनट्यूबमध्येच शक्य आहे.

आवाज होजचाच आहे ना, तेही बघा. ग्रोमेट सैल असेल किंवा आत केबलचा तुटका तुकडा राहिला असेल तरी असाच आवाज येतो. फ्रेम उलटी करून हलवली तर तुकडा घरंगळतो, होज नाही.

---

तेलकट_बोटं

मऊ लिव्हरचं कारण होजच्या मार्गात आहे. सायकल जमिनीवर उभी असताना मागची होज कॅलिपरपासून चेनस्टेमधून खाली बीबीकडे उतरते आणि मग डाउनट्यूबमधून वर चढते. हवेचा बुडबुडा वरच जाणार. बीबीच्या मागच्या भागातला बुडबुडा कॅलिपरकडे परततो, लिव्हरकडे येत नाही. तुम्ही सिरिंजने सावकाश तेल ढकललं की तेल बुडबुड्याच्या बाजूने पुढे जातं आणि बुडबुडा जागेवरच राहतो.

सायकल स्टँडवर अशी टांगा की पुढचं चाक आभाळाकडे, मागचं खाली. कॅलिपर सगळ्यात खाली आणि लिव्हर सगळ्यात वर आला की संपूर्ण मार्ग चढता होतो. लिव्हर हँडलवर सैल करून ब्लीडचं भोक वर येईल असा फिरवा. चाक आणि पॅड काढा, कॅलिपरमध्ये ब्लीडचा ठोकळा बसवा. आता कॅलिपरकडून तेल ढकला, एका दमात, थांबत थांबत नको. होजचा आतला व्यास २ मिमीच्या आसपास, म्हणजे १७०० मिमी होजमध्ये साडेपाच मिलीच्या जवळपास तेल मावतं. होज पूर्ण भरून हवा बाहेर यायला त्याच्या दुप्पट-तिप्पट तेल जाऊ द्या. पाच मिली ढकलून थांबलात तर बुडबुडा मधेच कुठेतरी असतो. ढकलताना चेनस्टे आणि डाउनट्यूबवर रबरी मुठीने टिचक्या मारा, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

मग कॅलिपरचं निपल बंद करून वरच्या कुपीत तेल असताना लिव्हर हळू दाबा, सोडा. दहा-बारा वेळा. बुडबुडे यायचे थांबले की सायकल पुढे आणि मागे थोडी कलती करून पुन्हा तेच. लिव्हरच्या टाकीच्या कोपऱ्यात अडकलेली हवा तेव्हा निघते.

एवढं करूनही मऊ राहिला तर हवेचा नाद सोडा आणि जोड तपासा. लिव्हर पट्ट्याने हँडलला घट्ट बांधून रात्रभर ठेवा, दोन्ही जोडांभोवती पांढरा टिश्यू गुंडाळा. सकाळी टिश्यूवर डाग असेल तर तो जोड उघडून १५ मिमी कापा आणि नवं ऑलिव्ह-इन्सर्ट बसवा. डाग नसेल आणि लिव्हर रात्रीत हँडलकडे सरकला असेल तर गळती बाहेरच्या जोडांत नाही. मग बीबी काढून शेलमध्ये पांढरं फडकं फिरवा. फडकं तेलकट निघालं तर होजला आत कुठेतरी जखम आहे. अशी होज बदलायचीच, तिला जोड लावायचा नाही.

---

चिमटापाना

होज बदलायची वेळ आलीच तर जुनी होज नुसती उपसू नका, तीच वाटाड्या आहे. दोन्ही टोकांना आटे असलेला होजजोड मिळतो. एक टोक जुन्या होजमध्ये आणि एक नव्या होजमध्ये पूर्ण पिळा. जोडावर चिकटपट्टी लावू नका, तिच्या जाडीमुळे तो मार्गनळीत अडतो. आधी जुन्या होजमधलं तेल सिरिंजने काढून टाका, नाहीतर आटे निसरडे होऊन जोड फ्रेमच्या मध्यावर सुटतो. मग एकाने पुढून ओढायचं आणि एकाने मागून ढकलायचं. बीबीपाशी अडलं तर थोडं मागे घ्या, पाव फेरा पिळा, पुन्हा पुढे. हेडसेटमधून जाणारी होज असेल तर स्टेम काढून, दाबकडं वर उचलून मगच ओढा. कड्याच्या खाचेतून जोड जात नाही.